निगुऱ्याचं इंजिन

कडा, कार्तिक शुद्ध १२, शके १८४५

चिरंजीव शहादेव यास उत्तरेश्वर काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तेलगावच्या सरकी काढायच्या कारखान्यात तू मदार मिस्त्री नावाच्या इंजिनवाल्या उस्तादाचा शागीर्द झालास, त्यांनी सगळ्यांदेखत तुझ्या मनगटाला गंडा बांधला आणि तू गूळ वाटलास, हे वाचून तुझ्या काकूला भरून आले. मलाही आले, पण वेगळ्या कारणाने. आपल्याकडे लोकांना गंडा घालतात हे ठाऊक होते. तो बांधून घ्यायला माणूस पदरचा गूळ घेऊन जातो, हे नवीन कळले.

तू लिहितोस की पाठीशी उस्ताद असला की बढती लवकर होते. झालीच की. इथे तू बैल धूत होतास, तिथे चिंध्या धुतोस. इथे बापाचे पाय चेपायला कंटाळत होतास, तिथे परक्याचे चेपतोस. इंजिनाला हात लावायची परवानगी अजून नाही, नुसते जवळ बसून ऐकायचे, असेही लिहितोस. ऐकून विद्या येत असती तर देवळातल्या घंटेजवळची कबुतरे आतापर्यंत पुजारी झाली असती.

मला कोणी शिकवले? मी देशमुखांच्या कोठारात धान्य मोजणारा कोठावळा. अर्जुनराव देशमुखांनी पिठाच्या गिरणीसाठी नगरहून रॉकेलचे इंजिन आणले, तेव्हा हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरी नाक्याच्या जमादाराने तोफ समजून गाडी अडवली. ही तोफ नसून चक्की आहे हे त्याला उर्दूत पटवून देणारा मीच. ती उर्दूही मी कोणाच्या पायाशी बसून शिकलो नाही. इंजिनाबरोबर इंग्रजी कॅटलॉग आला, तो मी अक्षराला अक्षर लावून, चित्रावर बोट ठेवून वाचला आणि देशमुखांनी गिरणी माझ्या हाती दिली. इंजिन बसवायला नगरचा मिस्त्री आला होता. त्याने राम राम घालण्याआधी विचारले, "आपले उस्ताद कोण?" मी कॅटलॉग पुढे केला. म्हटले, माझा उस्ताद छापील आहे, हुक्का ओढत नाही. तो हसला नाही. या जमातीला विनोद कळत नाही.

विलायतेचे लोकही सगळेच हुशार असतात असे नाही. टाकीच्या झाकणाला, अगदी मधोमध, सुई जाईल एवढे भोक त्यांनी तसेच ठेवून दिले होते. गिरणीत पीठ उडते, ते रॉकेलात पडणार, एवढे त्यांना सुचू नये? कॅटलॉगाच्या चित्रात तिथे ठिपका आहे. तो छपाईचा दोष. मी यंदाच्या खंडेनवमीच्या पूजेला लाख वितळवून त्यात शेंदूर कालवला आणि भोक बुजवून वर ठसठशीत गंध लावले. इंजिनाला कपाळही मिळाले आणि कंपनीची चूकही झाकली. हे कुठल्या उस्तादाने सांगितले नव्हते.

गुरूच्या सेवेत प्रकृतीची हयगय करू नये.

उत्तरेश्वर


तेलगाव, कार्तिक वद्य ८

तीर्थरूप काकांच्या पायी शहादेवचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं, कावून की उस्ताद बाजूलाच बसले होते आणि कुणाचं पत्र म्हणून विचारू लागले. कबुतरांचं सोडून बाकी वाचून दाखवलं. चुलता इंजिन चालवतो म्हटल्यावर त्यांनी तोच सवाल केला, "किसका शागीर्द?" मी म्हणालो, कुणाचाच न्हाई. ते म्हणाले, "अच्छा. निगुरा." म्हणजे बिनगुरूचा.

काका, राग धरू नका. इथं हा शब्द शिवीसारखा न्हाई, पण शाबासकीसारखाही न्हाई. दोन मिस्त्री भेटले की आधी उस्तादाचं नाव निघतं, सोयरीक जमवताना आपण कूळ विचारतो तसं. नाव सांगताना प्रत्येक जण कानाच्या पाळीला हात लावतो. एका उस्तादाच्या शागिर्दाच्या इंजिनावर दुसरा मिस्त्री जाऊन बसत न्हाई. ही इथली रीत हाय.

उस्तादांबद्दल तुमी लिहिलंत ते पुष्कळ खरं हाय. ते लई खातात, बढाया मारतात, आणि स्वतःची चूक झाली की चिंध्या नीट धुतल्या न्हाईत म्हणून मला बोलतात. पण काल त्यांनी लाकडी दांडा एका टोकाला इंजिनाला आणि दुसऱ्या टोकाला माझ्या कानाला लावला. आत काय वाजतं ते सांग म्हणाले. मी सांगितलं ते चुकलं. पण चुकलं हे लगेच कळलं.

काकूंना नमस्कार.

आपला शहादेव


कडा, मार्गशीर्ष शुद्ध ५

चि. शहादेव यास आशीर्वाद.

कानाला दांडा लावून घेतलास हे वाचले. पाठीला लावतील तेव्हाही कळव.

निगुरा म्हणाले तर म्हणू देत. नाथांच्या मुलखात राहून मला तो शब्द ठाऊक नाही असे समजू नकोस. कान धरायची रीत मात्र आवडली. आमच्या पंतोजींपुढे पोरे चुकली की धरत, तुमच्यात न चुकताच धरतात.

आता एक काम सांगतो. तुझ्या उस्तादांची परीक्षा घ्यावी असे माझ्या मनात आले आहे. इकडे माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे रॉकेलचे इंजिन आहे. थंडी पडू लागल्यापासून ते पायली-दोन पायल्या दळून झाले की आचके देते आणि बंद पडते. थोड्या वेळाने फिरवले की पुन्हा चालते, पुन्हा पडते. त्या गृहस्थांनी विचारांती असे ठरवले आहे की बैलाप्रमाणे इंजिनालाही दम लागत असावा. म्हणून त्यांनी गिरणीच्या दाराला "इंजिनाच्या विश्रांतीची वेळ" अशी पाटीही लावली आहे. ही उपपत्ती बरोबर की चूक, एवढे उस्तादांना विचार. मला उत्तर माहीत आहे. त्यांना माहीत आहे का, ते पाहायचे आहे.

काकू बरी आहे. हल्ली पुन्हा जात्यावर दळते. व्यायामाला चांगले म्हणते.

उत्तरेश्वर


तेलगाव, मार्गशीर्ष वद्य १

तीर्थरूप काकांस शि. सा. नमस्कार.

तुमच्या परिचयातल्या गृहस्थांचा सवाल उस्तादांपुढं ठेवला. त्यांनी हुक्का खाली ठेवला, जे ते जेवतानासुद्धा करत न्हाईत. म्हणाले, "बे शहाद्या, इंजिन बैल नै है जो थकेगा. थकता सो आदमी." मग म्हणाले, रॉकेलात पाणी किंवा कचरा असेल, दुहेरी कापडातून गाळून घ्या, नळी काढून फुंका.

त्यांनी आणखी एक विचारलं. आष्टीपासून कड्यापर्यंत इंजिनं किती हायत? मी म्हणालो, माझ्या माहितीत एकच. ते हसले आणि म्हणाले, मग त्या गृहस्थांना माझा सलाम सांग. तुमी योग्य वाटलं तर पोचवा.

काकू जात्यावर दळतात हे वाचलं. गिरणीवाल्याच्या घरात जातं फिरतंय म्हणजे गिरणीला गर्दी लई असणार.

शहादेव


कडा, मार्गशीर्ष वद्य ११

चि. शहादेव यास आशीर्वाद.

तुझे उस्ताद नापास झाले, हे कळवताना मला दुःख होते असे मी म्हणणार नाही.

त्या गृहस्थांनी रॉकेल गाळले. दुहेरी कापडातून म्हणून त्यांच्या कुटुंबाचे नवे लुगडे वापरले, त्यावरून त्यांच्या घरी जे झाले ते मी लिहीत नाही. नळी काढून फुंकली. तोंडात रॉकेल गेले, दिवसभर भाकरीला, पाण्याला आणि बोलण्याला त्याचाच वास. इंजिन जसे बंद पडत होते तसेच पडते आहे. हा गुरूच्या मार्गदर्शनाचा फायदा.

गाव तर काय, पाहायलाच बसलेले असते. बायनाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती दळणाचे डालगे घेऊन रोज येते आणि दारातूनच विचारते, "आज इंजिनाचा उपास हाय का, बाबा?" पाटीवरच्या "विश्रांती" या शब्दापुढे कोणी कोळशाने "कायमची" असे लिहून ठेवले आहे. अक्षर वाईट आहे.

इतके विनोद ठीक आहेत. पण त्या गृहस्थांच्या मालकांच्या मुलीचे लग्न माघात आहे. लग्नाचे सगळे दळण गिरणीवरच झाले पाहिजे, वऱ्हाड नगरकडचे आहे, त्यांना इंजिन दाखवायचे आहे, असे मालकांनी बजावले. नाही झाले तर नगरचा मिस्त्री कायमचा आणून बसवणार आणि त्या गृहस्थांनी पुन्हा कोठारात जाऊन माप धरायचे. कोठार गिरणीच्या समोरच आहे. रोज समोर बसून दुसऱ्याच्या हातचे इंजिन ऐकायचे, हे तुझ्या काकूला सोसायचे नाही.

म्हणजे त्या गृहस्थांच्या कुटुंबाला.

उस्तादांना दुसरी संधी द्यायला माझी हरकत नाही.

उत्तरेश्वर


तेलगाव, पौष शुद्ध ६

तीर्थरूप काकांस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून रात्री झोप लागली न्हाई. त्या गृहस्थांची काळजी वाटते.

उस्तादांना नापास झाल्याचं सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. मी आडून आडून सांगत होतो, तर तेच म्हणाले, "गलत निकला ना? हौ, निकलता कभी." आणि पुढचा गठ्ठा धुवायला दिला. मला वाटलं होतं उस्ताद चुकत न्हाईत. चुकतात. पण चुकल्यावर पाटी लावत न्हाईत, दुसरा सवाल विचारतात. हे मी तुमच्या पाटीला उद्देशून लिहिलेलं न्हाई.

त्यांचा सवाल असा हाय. बंद पडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत ते गृहस्थ काय काय करतात? नंबरानं सगळं लिहून पाठवा. नाक पुसत असतील तर तेही लिहा. उस्ताद म्हणतात, दुखणं सांगायला माणूस चुकतो, पण आपण काय करतो ते सांगायला सहसा चुकत न्हाई.

मी त्यांना म्हणालो, हे एक काम ते गृहस्थ फार चांगलं करतील. बारीकसारीक लिहिण्यात त्यांचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात न्हाई.

शहादेव


कडा, पौष शुद्ध १३

चि. शहादेव यास आशीर्वाद.

शेवटचे वाक्य खरे आहे म्हणून उत्तर देतो.

बंद पडायच्या आधी इंजिनाचा आवाज पातळ होतो. मग तीन-चार आचके. मी पट्टा काढतो. रांगेतल्या बायकांना गप्प बसायला सांगतो. त्या बसत नाहीत. टोपी खुंटीला लावतो. रॉकेल संपले की काय म्हणून टाकीचे झाकण काढतो, आत काडी बुडवून पाहतो. रॉकेल असते. काडी पुसून कोनाड्यात ठेवतो. झाकण लावतो, चांगले घट्ट, कारण सैल झाकण हे आळशी माणसाचे लक्षण आहे. नाक पुसत नाही. कपाळावरच्या शेंदराला हात लावून मग स्वतःच्या कपाळाला लावतो. दिव्याने इंजिनाचे डोके तापवतो आणि चाक फिरवतो. इंजिन सुरू होते. माझ्या मते ते शेंदराला हात लावल्यामुळे होते, कारण एकदा घाईत तेवढे राहिले तर लवकर बंद पडले.

आता तू हुशार झालास म्हणून सांगतो, "ते गृहस्थ" लिहिताना हात दुखतो. म्हणून वर "मी" लिहिले आहे, असे समज.

नगरच्या मिस्त्रीला सांगावा गेला. तो लग्नाच्या दोन दिवस आधी आपली पेटी घेऊन येणार आहे. काल अर्जुनराव गिरणीत आले, पाटी वाचली, हसले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "उत्तरेश्वर, कोठाराचं कुलूप गंजलंय, तेल घालून ठेव."

उस्तादांना विचारण्यासारखे काही असेल तर विचार. नसेल तरी विचार.

उत्तरेश्वर


तेलगाव, पौष वद्य ५

तीर्थरूप काकांस शि. सा. नमस्कार.

हे पत्र डाकेत टाकायला मी स्वतः धावत जाणार हाय.

तुमचं पत्र उस्तादांना पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते, दांड्यातून ऐकतात तसे. झाकण काढून काडी बुडवता इथं आल्यावर म्हणाले, परत वाच. परत वाचलं. आणखी एकदा वाच. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "झाकण उघडते सो दवा है. काडी नै, शेंदूर नै. टाकीकू हवा नै मिलती." समजावलं ते असं. आपण तांब्याला तोंड लावून नुसतं ओढत राहिलो, हवा आत जाऊ दिली न्हाई, तर पाणी यायचं थांबतं. टाकीतून रॉकेल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत गेली पाहिजे. न्हाई गेली तर रॉकेल अडकून बसतं. झाकण उघडलं की हवा शिरते आणि इंजिन चालतं, पुन्हा कोंडलं की मरतं. म्हणून झाकणाला कंपनीनं भोक दिलेलं असतं. पूस तेरे चचाकू, म्हणाले, वो भोक किधर गया?

काका, ते भोक कुठं गेलं हे मला ठाऊक होतं. तुमच्या खंडेनवमीच्या पत्रात होतं. मी उस्तादांना बोललो न्हाई. मी म्हणालो, गावाकडं पूजेत शेंदूर लई वापरतात, साचला असंल कुणाच्या हातून. ते म्हणाले, "हौ, साचता." आणि माझ्याकडं बघत राहिले.

ते एक वाक्य म्हणाले, ते तसंच लिहितो. कंपनी भोकसुद्धा फुकट देत न्हाई.

तुमी रागावलात तरी चालेल. पण रागावण्याआधी सुई घ्या.

तुमचा शहादेव


कडा, माघ शुद्ध ११

चि. शहादेव यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी रागावलो होतो. तू परवानगी दिली होतीस म्हणून निवांत रागावलो.

झाकणाचे भोक मी विचार करून बुजवले होते. ज्या माणसाने माझे इंजिन डोळ्यांनी पाहिले नाही, तो तेलगावात मांडीवर थाप मारून सांगतो की माझा विचार चुकला. आणि माझा पुतण्या त्याच्यापुढे माझी लाज झाकतो. यातले काय जास्त झोंबले हे मला नक्की सांगता येत नाही. पत्र मी कोनाड्यात काडीशेजारी ठेवून दिले आणि शेंदूर तसाच ठेवला. नगरचा मिस्त्री आला, देशमुखांच्या ओसरीवर उतरला. लग्नाचे गहू गिरणीत येऊन पडले. मी उस्तादांना खोटे पाडायचे म्हणून गहू तसेच ओतले. इंजिन वेळेवर मेले.

रांगेत तुझी काकू होती. लुगड्याच्या प्रकरणापासून ती गिरणीत पाऊल टाकत नव्हती. त्या दिवशी आली, मी झाकण काढण्याआधीच माझ्या हातातून काडी घेतली, आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "पोराचं पत्र मी शेजारच्या सावित्रीबाईच्या लेकाकडून वाचून घेतलंय. भोक तुमी उघडता का मी उघडू?"

मी म्हटले, देवाचा शेंदूर आहे.

"देव नाकात शेंदूर घालून घेतो का?" ती म्हणाली आणि वाकळ शिवायची मोठी सुई पुढे केली.

सुई मी घेतली. लाख कडक झाली होती, कारण मी काम पक्के करतो. खरवडून काढली, सुई आत गेली, आणि टाकीने एक बारीकसा सुस्कारा टाकला. बायनाबाईनेही तो ऐकला. इंजिन सुरू केले. पायली झाली, दोन झाल्या. मी टोपीही काढली नाही. रांगेतल्या बायका पहिल्यांदाच गप्प होत्या. सगळे गहू संपले, मग हरभरा, मग आवाज ऐकायला आलेल्या लोकांनी घरून जे सापडले ते आणून ओतले. इंजिन मीच बंद केले. आपण होऊन बंद केलेल्या इंजिनाची गोडी वेगळी असते.

तुला वाटेल इथे गोष्ट संपली. मलाही वाटले.

अर्जुनराव नगरच्या मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीने इंजिनाभोवती फेरी मारली, झाकणावरच्या ओरखड्यांकडे पाहिले आणि देशमुखांना म्हणाला, "आज चालतंय. उद्याचं सांगता येत न्हाई. निगुऱ्याच्या हातचं इंजिन हाय, मालक."

अर्जुनराव माझ्याकडे वळले. ते रागावलेले नव्हते, तेच वाईट. म्हणाले, "त्याचं खरं हाय, उत्तरेश्वर. तू हुशार हायस, त्यात वाद न्हाई. पण उद्या पुन्हा अडलं तर तू विचारणार कुणाला? तुझ्या मागं हाय कोण?"

मागे पाहिले तर कॅटलॉग खुंटीला होता. समोर दारातून कोठाराचे कुलूप दिसत होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याला मी तेल घातले होते, ते चकाकत होते.

मी म्हणालो, "तेलगावचे मदार मिस्त्री. माझे उस्ताद."

हे बोलताना माझा हात कानाच्या पाळीला गेला. गिरणीत पीठ उडते, त्याने कानाला खाज सुटते, एवढेच.

नगरच्या मिस्त्रीने लगेच स्वतःच्या कानाला हात लावला. म्हणाला, "हे आधी कावून बोलला न्हाईत? इंजिन बसवायला आलतो तेव्हा विचारलं होतं." मी म्हटले, तेव्हा कॅटलॉग हाताशी होता. पेटी न उघडताच त्याने देशमुखांना सांगितले की मदारच्या शागिर्दाच्या इंजिनावर बसणे त्याच्या रीतीत नाही. लग्नाचे जेवण त्याने चांगले दाबून केले आणि गेला. अर्जुनरावांनी जाता जाता दारावरची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली.

म्हणजे बघ, इंजिन चालले ते भोकामुळे, आणि गिरणी माझ्याकडे राहिली ती एका नावामुळे. मी इतकी वर्षे जे शिकलो त्याचा निकाल लागताना ते कोणी विचारलेसुद्धा नाही. यावर रडावे की हसावे ते ठरले की कळवीन.

अडचण पुढेच आहे. मी बोलून गेलो. तो मिस्त्री बोलघेवडा आहे, बाजारोबाजार फिरतो, ही बातमी तेलगावला पोचणारच. मदार मिस्त्रींनी भर कारखान्यात "उत्तरेश्वर? कोण उत्तरेश्वर?" एवढे विचारले, तरी मला कोठारात जाऊन आतून कडी लावावी लागेल. त्यांना काय सांगायचे ते तू पाहा. माझ्याकडून तुपाचे मडके पाठवतो आहे. ते लग्नाचे उरले म्हणून पाठवले, असे सांग.

उत्तरेश्वर


तेलगाव, फाल्गुन शुद्ध ३

तीर्थरूप काकांस शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र आणि मडकं पोचायच्या आधी नगरचा मिस्त्रीच पोचला. मला काहीच ठाऊक न्हाई, मी चिंध्या पिळत होतो. त्यानं सगळ्यांपुढं उस्तादांना विचारलं, कड्याचा उत्तरेश्वर तुमचा शागीर्द हाय म्हणतो, खरं का?

काका, माझ्या हातातली चिंधी तशीच राहिली. उस्तादांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "हौ. मेरा है. डाक का शागीर्द." आणि हुक्का ओढू लागले. मिस्त्री गेल्यावर मला म्हणाले, बेटा, तुझा चुलता मान खाली घालत न्हाई, पण जे करतो ते तसंच्या तसं लिहितो. असा शागीर्द मला इथं एक न्हाई. तू त्यात आलास.

तूप आवडलं. लग्नाचं उरलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, लग्नात तूप उरत नसतं.

पाकिटात लाल दोरा हाय. त्यांनी त्यावर फुंकर मारून दिलाय. त्याचं काय करायचं ते तुमी ठरवा, मी काही बोलत न्हाई.

आणि या महिन्यापासून इंजिन माझ्या हाती दिलंय. आता पगारपत्रकात माझ्या नावापुढं डायव्हर लिहितात. चिंध्या मात्र अजून मीच धुतो.

शहादेव


कडा, आश्विन शुद्ध १०, शके १८४६

चि. शहादेव यास दसऱ्याचे अनेक आशीर्वाद.

तू डायव्हर झालास त्याचे अभिनंदन मागच्या पत्रात केले होते, पुन्हा करत नाही, डोक्यात जाते.

काल खंडेनवमी झाली. इंजिनाची पूजा केली. शेंदूर यंदा भोकापासून एक बोट बाजूला लावला. काकू म्हणाली, कपाळ तिरपं दिसतंय. मी म्हटले, दिसू दे. बायनाबाईने विचारले की गंध मध्ये कावून लावला न्हाई, तर तिला टाकी, हवा आणि तांब्या हे सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, "हे तर मला ठावं हुतं." गावात आता सगळ्यांनाच ठाऊक होते.

तो लाल दोरा मी इंजिनालाच बांधणार होतो, कारण शिकायची गरज त्याला जास्त होती. पण फिरत्या चाकाजवळ दोरा ठेवू नये असे कॅटलॉगात स्पष्ट लिहिले आहे. म्हणून तूर्त माझ्या मनगटावर आहे. तिथे तो कोणाच्या वाटेत येत नाही.

परवापासून चाकाच्या बाजूने एक नवा आवाज येतो. मी लाकडी दांडा करून घेतला आणि कानाला लावून ऐकले. मला वाटते ते खाली तपशीलवार लिहिले आहे; बहुधा चुकले असेल. मदार मिस्त्रींना वाचून दाखव, कबुतरांसकट. आणि सांग, कड्याला पीठ अजून उडते, कानाची खाज काही गेली नाही.

उत्तरेश्वर